मचूळ

पहाटे तीनची पाळी. जुलै उतरणीला लागलेला.
चितगाव दीड दिवस मागे राहिलं,
जहाज उभं आहे. उभं म्हणायचं, झुलतंय.
काल दुपारपासून पाऊस.

कुब्बत चाचा विंच सोडतात. तारेच्या टोकाला पिंजरा,
पिंजऱ्यात बाटल्या, आणि ते यंत्र, ज्याला तीनच गोष्टी कळतात:
किती खोल, किती ऊन, किती खारं.

पडद्यावर हिरवी रेघ उतरू लागते.
पहिले आठ मीटर मीठ कमी,
पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या डाळीसारखं.
मग अंधारात पायरी चुकावी तशी
रेघ उजवीकडे कोसळते. तिथून खरा समुद्र.
पण लाल रेघेला, तापमानाच्या,
हे कुणी सांगितलेलंच नाही.
ती पस्तीस मीटरपर्यंत उबेतच उतरत राहते,
एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीसला जरा कमी.

वारा रात्रभर घुसळतोय, पण रवी तळाला लागत नाही.
गार पाणी खाली पडून आहे.
म्हणून वरचं ऊन राहतं, म्हणून ढगांना वाफ पुरते,
म्हणून पुन्हा पाऊस, म्हणून आणखी फिकं.
यातलं आधी काय, ते विचारायचं नाही,
असं शमशाद आपा म्हणतात. मोहीम त्यांची आहे
आणि बावीस वर्षांनंतरही त्यांना बोट लागते.

पिंजरा वर येतो, गळत.
चाचा पाच मीटरच्या बाटलीची तोटी उघडून
ओंजळीत घेतात, जिभेला लावतात.
असं करू नका, मी पहिल्या दिवशी म्हणाले होते.
"मचूळ."
यंत्र सव्वीस म्हणतं.

चाचांचं घर संदीपच्या पश्चिम काठावर होतं.
तीनदा मागे सरकवलं.
चौथ्यांदा मागे जागाच नव्हती.
चुलीचा ओटा, चार सुपाऱ्या, बहिणीची कबर,
मेघनेनं एकाच श्राबोनात नेलं.
हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, खलाशांनी सांगितलं.
ते रोज त्या बाटलीत काय चाखतात,
मी विचारत नाही.

"आता खालचं दे."
साठ मीटर. तोंड वाकडं होतं.
"हे कुठलं?"
अरबी समुद्रातलं, मी म्हणते, श्रीलंकेला वळसा घालून आलेलं.
जड आहे, म्हणून खालून शिरतं.
"पाहुणा," चाचा म्हणतात,
"आणि मागच्या दारानं?"
थोडं हसतात. मग उरलेलं पाणी
कठड्यावरून सोडतात, हळू, धार न तोडता,
दुधावरची साय मोडू नये तसं.

पुढचं स्थानक वीस मैलांवर.
चहा येतो. साखर तळाला बसलेली,
कुणी ढवळलेली नाही.
चाचा तसाच पितात,
वरचा फिका आधी.