ही बाजू आभाळाकडं

मी जन्मले त्या साली
बाप मडगावला हळद उतरवून परत येताना
नारळाच्या पोत्यांत एक बाटली घेऊन आला.
एक म्हणजे, सहा बाटल्यांची एक.
बंद पडत चाललेल्या दुकानातला म्हातारा म्हणाला होता,
पोर्ट आहे, खरी, पोर्तुगालची.
लहान बाटली लवकर म्हातारी होते,
मोठीला घाई नसते.
बापाला हे शेवटचं वाक्य पटलं.
दोन खेपांची मजुरी मोजली, परवान्याचा कागद घेतला,
गोधडीत गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवली.

नाक्यावर शिपायानं गोधडी उघडली
आणि हसून परत झाकली.
घरी आल्यावर बाप आईला म्हणाला,
तुझ्या लेकीपेक्षा हिचं वजन जास्त भरलं.

ठेवायची कुठं?
आमच्या पत्र्याखाली चैतात खोबरेलसुद्धा उकळेल.
हरिपुरात सिद्राम बोंद्र्यांचं एक पेव रिकामं होतं.
ठेव, म्हणाले, भाडं नको,
फुटली तर मात्र मला सांगायला येऊ नकोस.

तोंडावरची शिळा सरकवली.
दिवसभर वारा आत जाऊ दिला,
मग दोरीनं कंदील सोडला.
तेवत राहिला तर माणसानं उतरायचं,
विझला तर नाही.
खाली हळदीच्या जुन्या वासात
उसाच्या पाल्यावर तिला आडवी निजवली
आणि वरच्या अंगाला चुन्याचं बोट ओढलं.
ही बाजू आभाळाकडं.
हलवायची नाही. गाळ खाली बसतो.

मी सात वर्षांची असताना
कृष्णा पेवात उतरली,
कंदील न सोडताच.
पाणी ओसरल्यावर बापानं चिखलातून तिला उपसली.
लाखेचं बूच शाबूत,
चुना गेलेला.
उजेडात धरली तर आत सगळं गढूळ,
नदीसारखंच.
ढवळली गेली बिचारी, म्हणाला.
बसू दे पुन्हा.
नवं बोट ओढलं.

कधी फोडणार, लोक विचारायचे.
बाप हिशेब करायचा.
एकदा उघडली की परत झाकून ठेवायची चीज नव्हे,
तीस माणसं तरी पाहिजेत,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न मागणारी.
माझी बारावी झाली तेव्हा सतरा भरली.
भावाला नोकरी लागली तेव्हा बावीस,
त्यात पाच माळकरी.
माझं लग्न ठरलं आणि मोडलं,
तेव्हा त्यानं मोजलंच नाही.

मग दुसरा पूर.
या वेळी टीव्हीच्या आधी ती गच्चीवर गेली.
आठवडाभर आमच्या गच्चीवर अख्खी गल्ली,
दोन शेळ्या, एक कुकर,
आणि कोपऱ्यात गोधडीतली ती.
पाणी गेलं, फावडी आली,
चौथ्या दिवशी शेवटच्या घरातला चिखल निघाला
आणि बाप ओट्यावर बसून बोटं मोडत पुटपुटला,
एकतीस.

दोन दिवस उभी ठेवली.
बूच निघताना भुगा झालं.
आईनं चक्क्याचं फडकं धुऊन दिलं,
पूर्वी कधी दारूला हात न लावलेल्या हातांनी
पातेल्यावर ताणून धरलं.
मैनुद्दीन बागवान पीत नाहीत,
त्यांच्या हाती बॅटरी दिली,
बाटलीच्या मानेखाली धरा म्हणून.
बाप ओतत होता, धार करंगळीएवढी,
एकतीस माणसं श्वास धरून,
आणि मैनुद्दीनचाचा ओरडले,
थांब! आला गाळ!

चहाच्या गाड्यावरच्या अर्ध्या ग्लासांतून वाटली.
शेवंताकाकू म्हणाल्या, काकवीत बेदाणे कुजवलेत.
सिद्रामअण्णांनी डोळे मिटले,
मला हळद लागते, म्हणाले,
आणि कुणी त्यांना खोडलं नाही.
मी घोट तोंडात धरून ठेवला,
माझ्याच वयाचा होता तो,
गिळवेना.

पुन्हा कुणी मागितली नाही.

गाळ आईनं कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतला.
रिकामी बाटली कुठल्याच फळीवर मावत नाही.
बापानं तिला खाटेखाली आडवी ठेवली आहे,
केर काढताना मी सरकवली
तर तो रात्री उठून, चाचपत,
चुन्याची बाजू परत वर करतो.