रकाना नववा

धुळे म्युनिसिपालिटी, मयतांचं बुक, सन एकोणीसशे अकरा.
शाई मी घरून आणतो, हपिसातली फिकी पडते.

रकाने छापूनच येतात :
देवी. महामारी. प्लेग. ताप. हगवण. छातीचे विकार.
बाळंतपण. इजा, त्यात साप, विहीर आणि जिनातला पट्टा.
शेवटी नववा, बोटभर रुंद,
इतर कारणे.

गल्ली नंबर चार. ठगूबाई कोम सुकलाल साळी, वय अजमासे पन्नास.
जावई सांगत होता, पागोटं काखेत धरून :
गालाला भोक पडलं होतं साहेब,
दूध पाजलं की तिथून बाहेर यायचं.
मिसरी लावायची?
लावायची. सगळ्याच लावतात.
नववा.

गल्ली नंबर दोन. उस्मान वलद कादर मोमीन, विणकर.
घसा. आधी पेज, मग पाणी, मग नुसता ओला फडका ओठांवर.
नववा.

जुनं धुळे. झिपरू बिन चिंधा तेली.
पोटात दगड, असं मुलगा म्हणाला. करणी, असंही म्हणाला.
मी रकान्यांवरून बोट फिरवलं,
करणीला जागा नव्हती.

सिव्हिलच्या चिठ्ठीत कधीमधी एक शब्द येई.
अक्षरं लागत, अर्थ लागत नसे.
कंपौंडर गोन्साल्विस हसला : अहो, खेकडा!
तिकडच्या जुन्या वैद्यांनी ठेवलेलं नाव.
त्या दिवशी सांजेला पांझरेत उतरलो.
भिलांची पोरं दगड उलटत होती,
हातून सुटला की तो आडवा पळे,
पाण्यात नाही, दगडाखाली.
आणि माझे रकाने सगळे उभे.

तेव्हापासून अशा नावापुढे पेन्सिलीचा ठिपका देतो.
हेडक्लार्क म्हणाले, हे काय?
माशी बसली असेल, म्हटलं.
दिवाळीपर्यंत एकोणतीस माश्या.

बनाअक्का माझी थोरली बहीण, गल्ली नंबर पाच.
प्लेगच्या साली न्हाताना तिच्या हाताला लागली,
डाव्या अंगाला, आवळ्याएवढीही नाही.
त्या साली गाठ म्हटलं की शिपाई येत,
माणूस नदीपलीकडे झोपड्यांत,
आणि मागे घराचं धाबं उकरून आत ऊन सोडत.
अक्काने पदर घट्ट केला.
लेक लहान होती. धाबं नवं होतं.

झोपड्या मोडल्या, त्यांचे बांबू लिलावात गेले,
तरी ती बोलली नाही.
मग एका दुपारी कळण्याची भाकर वाढता वाढता,
मीठ वाढावं तसं :
'गाठ शे भाऊ, पन ती गाठ नही.'
जणू खुशालीच कळवत होती.
तोवर डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता,
वेणी शेजारची गुजरीण घाली,
आणि चोळ्या ती पहाटे, कुणी उठायच्या आत,
वेगळ्या दगडावर धूत असे.
मी विचारलं नाही, वेगळा दगड का.
मी दिवसभर लोकांना विचारतो.

माघात गेली.
सांगायला भावजी आले, रांगेत उभे राहिले,
नंबर आल्यावर नाव सांगितलं, जणू मला ठाऊकच नाही.
वय? अडतीस. जात? धंदा?
कारण, म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले.

ती ओळ मी आडवी लिहिली,
देवीपासून निघून, प्लेग ओलांडून, ताप, बाळंतपण,
इतर कारणांच्याही बाहेर, समासात :
गाठ होती, पण ती गाठ नव्हे.

हेडक्लार्कांनी काही विचारलं नाही.
तांबड्या शाईने पान रद्द केलं,
कोरं पान पुढे सरकवलं, खिडकीशी जाऊन उभे राहिले.
मी नक्कल केली. नववा.
पेन्सिल सापडत नव्हती.

रद्द पान घरी आणलं.
भाचीने त्यात मेथ्या बांधून ठेवल्यात.