अठ्ठावन्न टक्के

इचलकरंजीहून टेम्पो निघाला
तेव्हा माझ्या केसांत कापसाची पिंज होती.
सावर्ड्याच्या पुढे, खाणीच्या काट्यापाशी, उतरले,
ओढणी झटकली
तर ती आधीच लाल.

"बाये, खिडकी उक्ती दवरूं नाका,"
एवढंच बोलली घरमालकीण पिएदाद
आणि गेली कोंबड्यांना हाकत.
कोंबड्याही लाल. मला वाटलं, जातच तशी असेल.

बाबांचे चारही माग
भंगारवाल्यानं किलोवर नेले होते.
ओतीव लोखंड आहे हो, बाबा सांगत राहिले,
तो म्हणाला, म्हणून तर किलोवर.
त्याच महिन्यात मला नोकरी लागली,
लोखंड जिथून निघतं तिथे.
हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.
त्यांनीही नाही.

काम सोपं आहे.
दगड कुटायचा, चाळायचा, आम्लात विरघळवायचा,
नळीतून एकेक थेंब सोडत राहायचं
आणि जांभळा रंग आला की हात थांबवायचा.
अठ्ठावन्न टक्के, मी लिहिते.
जहाज अठ्ठावन्नाचे पैसे देतं.
उरलेले बेचाळीस गावामागे डोंगर होऊन उभे आहेत,
त्यावर आकेशिया लावलीय कंपनीनं, ओळीनं.

रात्रभर टिपर.
लोक विचारत, झोप लागते का गं?
मला हसू येई. मागाच्या खडखडाटात
पाळणा हलला माझा.
घर बदललं असं वाटलंच नाही
पहिले पाच महिने, रात्री.
दिवसा वाटायचं.
बाबांनी शेवटच्या बीमवर विणलेले पांढरे पडदे
धुऊन वाळत घातले, संध्याकाळी काढले
तर कुणा दुसऱ्याचेच.

एकदा पिएदाद बाटली घेऊन आली,
विहिरीचं पाणी. हातूंत कितें आसा तें पळय.
आमच्या तक्त्यात रकाना एकच, लोहाचा.
मी आकडा काढून दिला.
तिनं विचारलं, चड काय उणें?
चड, मी म्हटलं, जास्त. रात्रभर निवळू दे, वरवरचं घे.
ती इतकी हसली की तिला खोकला आला.
तीस वर्षां तेंच करतां बाये.
कागद मात्र तिनं सायबिणीच्या तसबिरीमागे
नीट घडी घालून ठेवला.

मग खाण बंद झाली.
शुक्रवारी आदेश, शनिवारी शेवटची फेरी,
रविवारी मी टक्क जागी.
इतकी शांतता की फ्रिज सुरू झाला तरी दचकायचं.
कोपऱ्यावर म्हाळू वेळीपचा टिपर उभा,
तो रोज पुसतो काच, हप्ता चालू आहे अजून,
पण मागच्या चाकात कारांद्याची वेल शिरलीय
आणि ती तो उपटत नाही.
प्रयोगशाळेतले दोघे फोंड्याला गेले, एक दुबईला.
मला पत्र आलंय, पुढील सूचनेपर्यंत थांबावे.
मी रोज जाते. चंचुपात्रं धुते. तराजू शून्यावर आणते.

पंधरा दिवसांनी कधीतरी, सकाळी,
दात घासताना दिसलं
की अंगणातला नीरफणस हिरवा आहे.
दवानं हळूहळू धुऊन काढलेला,
हाताएवढी पानं, चकचकीत.
मी पिएदादला हाक मारली. तिनं पाहिलं
आणि म्हणाली, पोर म्हाळूच्या टिपरावर होता माझा,
क्लीनर. आता घरी बसतो.
झाडाबद्दल काही बोलली नाही.

रात्री बाबांचा फोन.
ये परत, तिथं काय राहिलंय आता?
सांगायला शब्द सापडेना
म्हणून मी फोन खिडकीबाहेर धरला, उघड्या.
बराच वेळ.
कानाला लावला तेव्हा ते म्हणत होते,
आवाज येत नाहीये गं.
नाहीच आहे, मी म्हटलं.

ते गप्प.
मग म्हणाले, इकडेही.