नक्की?

दाजी पेठेत, गुंडेटींच्या माडीवर
छताला टांगलेला प्रोजेक्टर,
पडदा म्हणून कारखान्यातलंच
दोन वार पांढरं टेरी कापड.

मी नवा रिमोट घेऊन बसलो.
सगळ्याला एकच, असं खोक्यावर छापलेलं.
सेट दाबून धरायचं, लाल दिवा लुकलुकला की
चार आकडे. ००४१. नाही. ०७१२. नाही.
यादीत ह्यांची कंपनीच नव्हती.
११९० ला खिडकीपलीकडं
येमुलांची मालिका बंद पडली.
"कोण बे त्ये?"

व्यंकम्मा पदराआड हसल्या,
कपाटातून जुना रिमोट काढून दिला.
झाकण गेलेलं, सेल रबरानं आवळलेले,
आकडे पुसलेले.
"ह्याला येतंय की सगळं."

मग शिकवणी.
दोघं टॉवेलवर, नाकासमोर नाक,
मध्ये चार बोटं जागा.
ट्यूबलाईट घालवली, ती मध्येच बोलत होती.
जुन्यानं एकेक सांगितलं,
नव्यानं डोळा मिचकावून घेतलं:
आवाज, फोकस, मागं, पुढं.

शेवटी पॉवर.
ते बटण खोल गेलेलं,
अंबादासरावांच्या अंगठ्याच्या मापाचं.
तीनदा चुकलं.
चौथ्यांदा घेतलं.

बंद करून बघा, म्हटलं.
त्यांनी दाबलं. कापडावर अक्षरं आली:
नक्की बंद करायचं? पुन्हा दाबा.

पंखा घरघरत राहिला.
त्या दाबेनात.
दहा सेकंदांनी प्रश्न आपोआप गेला
आणि गड्ड्याच्या पाळण्यात बसलेले अंबादासराव,
टोपी एका हातानं धरून,
पुन्हा वर निघाले.