अटी लागू

वर कन्नड, मोठं, साठ टक्के.
कायदाच तसा.
खाली मराठी, उरलेल्या जागेत अंग चोरून.
अशा पाट्या मी सव्वीस वर्षं रंगवल्या
खडेबाजारापासून अनगोळच्या नाक्यापर्यंत.
मग फ्लेक्स आला.
आता भिंती तेवढ्या उरल्यात.

मागच्या मार्चात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळची लांब भिंत
कलासंस्थेनं दिली रंगवायला.
ॲनिमेशन, इंटिरियर, फॅशन,
आणि पिवळ्यावर लाल : शंभर टक्के नोकरी.
टक्क्याच्या शेजारी एक चांदणी.
चांदणीचा अर्थ जमिनीपासून वीतभर उंचीवर,
शून्य नंबरच्या ब्रशनं,
पोटावर पडून लिहिला मी.
‘अटी लागू.’
त्या उंचीवरून वाचणारं
एक कुत्रं तेवढं होतं.

आज त्याच संस्थेचा कागद
वडगावात आमच्या घरी मिक्सरखाली दाबून ठेवलाय.
तीन वर्षं, चार लाख साठ हजार. लॅपटॉप वेगळा.
शनिवारच्या आत भरलं तर दहा हजार सूट.

मालन ब्लाउजला हुक लावता लावता म्हणते,
सोसायटीतनं दोन निघतील, खरं…
बाहेरच्या माणसाला वाटेल, बाई होकार देतेय.
आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

‘मी जातो तिथंच,’ अक्षता म्हणते.
आमच्या पोरी जातो-येतोच म्हणतात.
धारवाडचं सरकारी कॉलेज?
तिथं वर्षभर प्लॅस्टरचं नाक काढत बसायचं, म्हणे.
मग फोनवर शीक की, फुकट असतंय सगळं.
‘फोन चूक दाखवत नाही, बाबा.
तू ईरप्पा मास्तरांकडं चार वर्षं ब्रश धुतलास,
ती फी नव्हती?’

होती.
खरं, मास्तरांनी भिंतीवर काही लिहून ठेवलं नव्हतं.

बुधवारी दोघं गेलो.
जिन्यात निपाणीचा एक पोरगा बसलेला, दुसऱ्या वर्षाचा,
मांडीवर लॅपटॉप.
शिकवायला कोण आहेत, विचारलं.
‘पहिले सर हुबळीला गेले.
दुसरे रजेवर. तिसरे येणार म्हणालेत.’
मग त्यानं पडदा माझ्याकडं वळवला.
एक कोंबडी चालत होती.
एवढंच. चालत होती.
मान पुढं, मग थांबायची, मग अंग मागनं यायचं,
अगदी आमच्या गल्लीतल्या कोंबडीसारखं.
दोन पावलांना चाळीस चित्रं, म्हणाला.
कुणी शिकवलं?
‘ते पहिले सर होते ना, त्यांनी.’
अक्षतानं माझी बाही धरली होती.
सोडायचं विसरली.

काउंटरवर मॅडम होत्या.
भिंतीचे माझे अकरा हजार चारशे
मार्चपासून त्यांच्याकडंच.
ते काढल्यावर मॅडम गोड हसल्या :
‘घरचंच झालं की मग,
फीमध्ये ॲडजस्ट करूया.’
मला पटकन सुचत नाही अशा वेळी.
अक्षरातलं अंतर कळतं,
माणसाच्या बोलण्यातलं नाही.
अक्षताच बोलली,
‘आधी रोख द्या. फीचं मागनं बघतो.’
अकाउंटवाले शनिवारी येतात, मॅडम म्हणाल्या,
आणि फोन उचलला. तो वाजला नव्हता.

येताना ती भिंतीपाशी थांबली.
उकिडवी बसली, मान वाकडी करून
खालची ओळ वाचली.
‘कुठल्या अटी, ते नाही लिहिलंस?’
त्यांनी सांगितल्याच नाहीत, म्हटलं.

गेट पडलं. मालगाडी होती, लांबलचक,
स्कूटरवाल्यांनी इंजिनं बंद केली.
ती काही बोलली नाही, मीही नाही.
तिचं बोट तेवढं हवेत हलत होतं,
पुढं,
थांब,
पुढं.