बंद करू का?

पगारे काका, जेल रोड, प्रेसमधून रिटायर,
रोज रात्री साडेनऊला फोन करतात:
"खैरनार, बंद करू का?"

चूक माझीच.
दोन वर्षांपूर्वी अपडेट चालू असताना
त्यांनी भिंतीवरचं बटणच दाबलं होतं,
आणि मी, सीपीयूचं पोट उघडं टाकून, वैतागून म्हणालो होतो
की काका, यापुढे बंद करण्याआधी मला विचारत जा.
ते विचारतात.
ज्याने एकतीस वर्षं नोटांचे कागद मोजले,
एक कागद कमी भरला म्हणून
अख्खी शिफ्ट दाराआड ताटकळताना पाहिली,
तो माणूस सांगितलेलं विसरत नाही.

किती दिवसांनी बंद करावा हो कॉम्प्युटर?
सगळेच विचारतात. मी गिऱ्हाईक बघून सांगतो.
पिंपळगावच्या आडत्याला: सीझनभर हात लावू नका,
रविवारी बाजार उठला की एकदा रीस्टार्ट.
गंगापूर रोडच्या डेंटिस्ट बाईंना: रोज,
शेवटची दाढ निघाली की.
अंबडला एका कारखान्यात एकशेबारा दिवस चालू असलेला एक आहे,
त्याच्यावर चिठ्ठी: "कोणीही बंद करू नये."
ज्याने ती चिकटवली तो नोकरी सोडून चाकणला गेला.
का बंद करू नये, कुणालाच ठाऊक नाही.
हात लावायची छाती माझीही झाली नाही.

आमच्या धंद्याचं गुपित एका ओळीचं आहे:
बंद करा, पुन्हा चालू करा.
त्याचे दोनशे रुपये कसे मागायचे,
म्हणून मी आधी ब्रशने धूळ झाडतो,
एक स्क्रू काढतो, तोच परत बसवतो,
आणि मधेच "हं" म्हणतो.

खरं म्हणजे शट डाउन केलं तरी
हल्लीचे पुरते झोपत नाहीत.
थोडं काही उशाशी घेऊन पडतात,
सकाळी पटकन उठता यावं म्हणून.
सुनंदा सिव्हिलची नाइट करून आली की झोपते ना, तसं.
झोपेतच कुकरच्या शिट्ट्या मोजते,
तिसरी झाली की ओरडते, "गॅस!"
रीस्टार्टला मात्र सगळं खाली ठेवावं लागतं.
काळा पडदा, एक क्षण कुणीच नाही,
मग पहिल्यापासून.

गेल्या जानेवारीत, निफाडला पारा पाचावर आला त्या रात्री,
मला ताप होता. फोन सायलेंटवर, गोधडी डोक्यावर.
सकाळी पवननगरला दुकानाचं शटर उचलतो तर
पायरीवर काका. मफलर, हातात पिशवी,
दोन बस बदलून आलेले.
"चालूच आहे," म्हणाले.
"काय?"
"रात्रभर. तू उचलला नाहीस.
मग मीही बसलो शेजारी."

आणि काम काय असतं त्यांचं?
सोसायटीच्या पाण्याचा हिशेब. चौदा फ्लॅट, एक शीट.
दहा मिनिटं. पंधरा, ताळा करून पाहिला तर.

काका, आता नका विचारत जाऊ, बिनधास्त बंद करा,
हे अगदी ओठांवर आलं होतं.
पिशवीतून त्यांनी माझ्यासाठी दोन पेरू काढले,
म्हणाले, "ताप आहे ना? मग उद्या खा."
ताप आहे हे मी सांगितलंच नव्हतं.
मी म्हणालो, "घरी जा, रीस्टार्ट करा, झोपा.
आणि रात्री फोन करा."

परवा साडेनऊला नेहमीचं विचारून झाल्यावर
थांबले थोडे. मग:
"खैरनार, तू तुझा कधी बंद करतोस रे?"
मी समोर पाहिलं.
सेहेचाळीस दिवस, अकरा तास.
बावीस खिडक्या उघड्या, त्यातल्या निम्म्या कशासाठी
ते मलाच आठवेना.
"रोज," म्हणालो.
"शाबास," म्हणाले.
फोन ठेवायला ते नेहमी विसरतात.
तिकडचा पंखा उतरत उतरत थांबला, ते ऐकू आलं.
इकडचा चालूच.