सुका, ओला आणि बाकीचं

रामबागेत आमच्या गल्लीत
सव्वासातला कचऱ्याची गाडी वळते.
गाडीवरची पुष्पाबाई डब्याचं झाकण उघडते
आणि माझ्याकडे बघते.
ओल्यात सुका. सुक्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं.
चहाच्या चोथ्यात विजेचं बिल.
"सब एकमेक कर दिया, भाभी."
मी गप्प.

पूर्वी हे मी झोपेतसुद्धा करायची.
सहकारी बँकेत एकवीस वर्षं
फाटक्या नोटा वेगळ्या केल्यात,
मान वर न करता, नुसत्या बोटांनी.

मग झालं काय?
काही झालं नाही. हेच तर सांगता येत नाही.
कुणी मेलं नाही, कुणी सोडून गेलं नाही.
एके दुपारी बशी विसळत होते
आणि बशी विसळून होईना.

डॉक्टर तरुण आहे. त्यानं मला स्क्रीनपुढे बसवलं.
"चेहरे येतील. हसरा आला की बटण दाबा.
रडका आला तर दाबू नका. एवढंच."

एवढंच.
हसरा, दाबलं. हसरा, दाबलं.
हसरा, जरा उशिरा.
मग एका अनोळखी बाईचा रडका चेहरा आला
आणि बोट आपलं आपण खाली गेलं,
उतारावर सोडलेल्या सायकलीसारखं.
तिच्या डोळ्यांपाशी मी थांबूनच राहिले,
तोवर पुढचे चार चेहरे निघून गेले,
त्यांतले किती हसरे, देव जाणे.
"ठीक आहे," म्हणत त्यानं काहीतरी लिहिलं.
मी उलटं वाचू पाहिलं. बँकेची सवय.

मंगळवारी ऋजुता शाळेतून आली, तोंड एवढंसं करून.
"आई, मला नाटकात झाड केलं."
काय म्हणायचं ते मला नीट माहीत होतं:
ये. बस. सांग.
तीन शब्द, जिभेवर तयार ठेवलेले.
पण रांग मोडून दुसरंच पुढे घुसलं:
"मग रड! रड अजून! माझ्या जिवाला तेवढंच कमी होतं!"

बोलताना मी ऐकत होते.
हे कुणाला पटत नाही, पण मी ऐकत होते.
काउंटरच्या काचेआड बसल्यासारखी.
पलीकडे कोणी बाई माझ्या मुलीवर ओरडतेय
आणि काचेतलं भोक बोलण्यापुरतं आहे,
हात घालून तिचं तोंड धरण्याएवढं नाही.

ऋजुता रडली नाही.
तिनं दप्तर उचललं, चेनसुद्धा वाजू नये इतकं हळू.
हे कुठे शिकली?
आमच्याच घरात, आणखी कुठे.

रात्री यशोधन सराफ्यातून गराडू घेऊन आला.
"सोडून दे ना," म्हणाला. चांगला आहे तो.
पण सोडून देणं हेही कामच आहे,
आणि त्या टेबलावर सध्या कोणी बसत नाही.
मी तेच वाक्य मोजत राहिले पहाटेपर्यंत,
नोटांचं बिघडलेलं मशीन मोजतं तसं:
गड्डी तीच, आकडा दर वेळी वेगळा.
गराडू थंड होऊन चिवट झाले.

आज सकाळी गाडी आली तेव्हा
माझ्या हातात क्रेप कागदाचं एक पान होतं,
हिरवं, कात्रीनं वाकडं कापलेलं, देठाशी डिंक.
सुका. यात विचार करण्यासारखं काय आहे?
तरी मी उभीच. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
पान मी गाऊनच्या खिशात घातलं.

मागे ऋजुता, तोंडात ब्रश.
"झाडाला बोलायचंच नाहीये काही," ती फेसातून म्हणाली.
"कोणी कितीही भांडलं तरी नुसतं उभं राहायचं."

मी एक श्वास मोजला. मग दुसरा.
"तेच अवघड असतं," मी म्हणाले,
आणि हे वाक्य कसं कोण जाणे
आपल्या नंबरानं आलं.
ती काही बोलली नाही. चूळ भरायला गेली.

डबे बाहेरच राहिले दुपारपर्यंत.